दोन हायब्रिड, दोन तालुके आणि टोमॅटोचा क्रेट

गेले दोन महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय आहे. गाडी कुठली घ्यायची? मुलांच्या परीक्षा, बायकोचं अप्रेझल, गावाकडची जळालेली मोटर, सगळं बोलून होतं आणि ताक-भातापर्यंत पुन्हा गाडी येतेच.

आमची डिझेल गाडी अकरा वर्षांची झाली. अजून चालते, पण आता चढाला लागली की दम्याच्या पेशंटसारखी बोलते. आणि आमचं तिच्यावाचून अडतं. सोमवार ते शुक्रवार वाकड-हिंजवडी आणि महिन्यातून दोन वीकेंड गाव. माझं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून आत. बायकोचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगाव सोडून डिंभ्याच्या बाजूला. म्हणजे मंचरपर्यंत रस्ता एक, मग तिचा डावीकडे आणि माझा सरळ. (लग्नाला चौदा वर्षं झाली, मंचरच्या चौकात आजही एकदा तरी "आधी कुठं?" हा प्रश्न येतोच.)

दादा आणि आई गावीच असतात. दादांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. दर महिन्याला त्यांना पुण्याला डॉक्टरकडे आणायचं आणि परत सोडायचं. तेव्हा ही खरेदी हौसेची कमी आणि गरजेची जास्त.

इलेक्ट्रिक का नको, असं तुम्ही विचाराल. टॅक्स पाहिला तर तीच घ्यायला हवी. इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला ४० टक्के. सप्टेंबर २०२५ च्या आधी सेस धरून ४३ होता, तो तेवढाच काय तो उतरला. पण आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट हा विषय तीन मीटिंगा पुढे ढकलला गेलाय आणि चौथीत काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. तर हायब्रिड.

आता दुकानात गेलात की चार-पाच नावं अंगावर येतात, पण बॉनेट उघडलं की गाड्या मुळात दोनच. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या बहिणी, दोन्ही २०२२ च्या. आतलं हायब्रिड तेच: दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, सोबत मोटर, दोन्ही मिळून ११५ च्या आसपास अश्वशक्ती. २०२५ मध्ये आलेली व्हिक्टोरिसही याच हायब्रिडवर. दुसरीकडे टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस, हीसुद्धा २०२२ च्या शेवटची, आणि तिचीच मारुतीची आवृत्ती इन्व्हिक्टो. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, मोटर धरून १८० च्या वर अश्वशक्ती, सात किंवा आठ माणसं. आमच्या यादीत शेवटी उरल्या हायरायडर आणि हायक्रॉस. हायक्रॉसला एसयूव्ही म्हणायचं का, यावर लोक भांडतात. आमच्या गावात तिला इनोव्हाच म्हणतात आणि विषय संपतो.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे तीन किलोमीटर गुळगुळीत रस्ता आणि शेजारी बसलेला मुलगा सनरूफ उघडून दाखवतोय. त्यातून काय कळणार? सुदैवाने ऑफिसातल्या एकाकडे हायरायडर आहे आणि माझ्या मावसभावाकडे हायक्रॉस. दोघांनी मोठ्या मनाने एकेक वीकेंड गाड्या दिल्या. म्हणून जानेवारीत आणि फेब्रुवारीत त्याच रस्त्यावर, जवळपास तेवढ्याच वजनाने, दोन्ही चालवून पाहिल्या.

गावात पोचल्यावर पहिला प्रश्न तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा. "चार्जिंग कुठं करतो रं हिला?" म्हटलं, करावं लागत नाही. पेट्रोलच भरायचं. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि बॅटरी भरते. निघताना मोटर ओढते, वेग आला की इंजिन येतं, चढाला दोघं मिळून. तात्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी घाटातला गाडा. दोन जोड्या जुपायच्या." २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, तेव्हापासून तात्यांना जगातली प्रत्येक गोष्ट बैलगाड्यात दिसते. पण या वेळी उपमा चपखल होती. फरक एवढाच की कुठल्या जोडीने किती ओढायचं हे इथे दर क्षणाला सॉफ्टवेअर ठरवतं, आणि दोन्ही ताकदी एकत्र आणतो तो एक साधा दिसणारा गिअरसंच. मधे एक चाक, भोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेर एक कडं. १९९७ मध्ये जपानात आलेल्या प्रियसपासून टोयोटा हीच कल्पना घासून-पुसून वापरतेय. नेहमीचे गिअर नाहीत, क्लच नाही. एक जुना, शांतपणे चालणारा, कोणी हात न लावलेला कोड प्रॉडक्शनमध्ये असावा तसं वाटलं मला. :-)

असो. रस्त्यावर या.

हायब्रिडचं खरं राज्य कुठे असेल तर ते चाकणला. नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत तुम्ही येता आणि तळेगाव चौकाच्या अलीकडे सगळं थांबतं. ज्या गावात आणि आसपास महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाज गाड्या बनवतात, त्याच गावात गाडी पुढे जात नाही, यावर हसावं की रडावं! डिझेलमध्ये हा पाऊण तास म्हणजे क्लच, पहिला गिअर, क्लच. हायरायडरमध्ये इंजिन बंद पडलं आणि गाडी मोटरवर मुंगीसारखी सरकत राहिली. एसी चालूच, कारण त्याचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालतो. अधूनमधून बॅटरी खाली आली की इंजिन आपोआप सुरू होतं, दोन-तीन मिनिटं भरतं, पुन्हा गप्प. दादा मागे बसले होते. डॉक्टरकडून परत निघालो होतो आणि गुडघा ठणकत होता. एरवी चाकणला ते पाच मिनिटांनी "अजून किती?" विचारतात. त्या दिवशी झोपले. दोन्ही गाड्यांत हा अनुभव सारखाच, हायक्रॉसमध्ये पाय पसरायला जागा जास्त एवढंच. मायलेजचा आकडा मी त्या दिवशी पाहिलाच नाही.

चाकण सुटलं की चित्र बदलतं. आता खेडपासून पुढे बायपास झालेत, ऐंशी-नव्वदने गाडी पळते आणि अशा सरळ पळण्यात हायब्रिडचा फायदा कमी कमी होत जातो. ब्रेकच मारला नाही तर बॅटरी भरणार कशाने? कागदावर हायरायडरला लिटरला २७.९७ किलोमीटर आणि हायक्रॉसला २३.२४. आमच्या सगळ्या फिरण्याचा हिशोब धरून हायरायडरने एकवीसच्या आसपास दिले, हायक्रॉसने सोळाच्या आसपास. चाचणीचे आकडे प्रयोगशाळेतले, आणि शिवाय २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ज्यात तेवढ्याच लिटरमध्ये ऊर्जा थोडी कमी असते. उसापासूनही हे इथेनॉल करतात हे कळल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजी ऊस आमचा, जाळायचा आमीच आन् पैसं बी आमीच द्यायचं?" जुन्नरचा ऊस विघ्नहरला जातो, आंबेगावचा भीमाशंकर कारखान्याला, आणि आम्ही मंचरजवळ दोन जोड ट्रॉल्यांच्या मागे अडकलो होतो तेव्हाच हे बोलणं चाललं होतं.

सासुरवाडीच्या रस्त्याला मात्र दोघींमधला फरक उघडा पडला. घोडेगाव सोडून भीमाशंकरकडे निघालं की वळणं आणि चढ. बायको, दोन मुलं, मेव्हणा आणि डिकीत सामान. हायरायडर चढली, पण बॅटरी काही मिनिटांत खाली आली आणि मग सगळा भार त्या तीन सिलिंडरवर. या प्रकारच्या गाडीत पाय दाबला की इंजिन आधी वर जाऊन ओरडतं, वेग मागून येतो. मुलाने विचारलं, "बाबा, गाडी रागावली का?" हायक्रॉस त्याच चढाला अशी गेली की मेव्हण्याचं गाणं मधे तुटलं नाही.

उतरताना गंमत. मला वाटत होतं उतारावर भरपूर बॅटरी भरेल. घरी येऊन कागदावर मांडलं. माणसांसकट गाडी सोळाशे किलो, उतार समजा तीनशे मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची, दहावीचं गणित, म्हणजे साधारण १.३ युनिट वीज. आणि हायरायडरची बॅटरी किती? ०.७६ युनिट, त्यातलीही सगळी वापरू देत नाहीत. म्हणजे घर्षणात काही गेलं धरलं तरी उताराच्या निम्म्यातच डबा भरला. पुढे मोटर ब्रेकला मदत करू शकत नाही. तिथे गिअरच्या दांड्यावरचं 'बी' वापरायचं, म्हणजे इंजिन नुसतं फिरवून गाडी रोखली जाते. आवाज येतो, काही बिघडलेलं नसतं. भीमाशंकर, माळशेज, कुठल्याही घाटात हायब्रिड नेणार असाल तर हे लक्षात ठेवा, शोरूममध्ये मला हे कोणी सांगितलं नाही.

आता क्रेट.

नारायणगावचा टोमॅटो बाजार तुम्हाला माहीत असेल. जुलै २०२३ मध्ये तिथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि आमचा तालुका टीव्हीवर आला. (एरवी रस्त्यावर ओतलेले टोमॅटो दाखवायला येतात.) आमच्या घरात मापाचं एकक हा क्रेटच आहे. आई आम्हाला रिकाम्या हाताने कधी पाठवत नाही: एका क्रेटमध्ये भाजी, दुसऱ्यात कांदे-बटाटे, उन्हाळ्यात आंबे. तेव्हा मी शोरूममध्ये जाताना रिकामा क्रेट घेऊन गेलो. सेल्समन बघतच राहिला. हायरायडरच्या हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी असते, म्हणून साध्या मॉडेलपेक्षा डिकी लहान, २६५ लिटरच. एक क्रेट आरामात बसला, दुसरा कसाबसा, आणि मग बॅगा मांडीवर. हायक्रॉसची बॅटरी पुढच्या बाजूला असल्यामुळे मागची शेवटची रांग पाडली की क्रेट मी मोजायचंच सोडून दिलं. सातही जण बसले तर मात्र तिच्यातही क्रेटची पंचाईत आहेच.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग हायक्रॉस घे की! बायकोही तेच म्हणत होती. मी तरीही एक्सेल उघडलं.

वर्षाला आमचं फिरणं साधारण बारा हजार किलोमीटर. एकवीसने ५७१ लिटर, सोळाने ७५०. फरक १७९ लिटर, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला एकोणीस हजारांच्या आत. दोन गाड्यांच्या किमतीत, आम्ही बघत होतो त्या मॉडेलांत, रस्त्यावर येईपर्यंतचा फरक मात्र जवळपास दहा लाख. म्हणजे ज्या मायलेजवरून आम्ही पंधरा दिवस भांडलो ते या निर्णयात जवळजवळ नाहीच. दहा वर्षांत दोन लाखही होत नाहीत. खरा प्रश्न असा की दहा लाखांत आम्ही काय विकत घेतोय? जास्तीच्या दोन जागा आणि मोठी डिकी.

मग मागच्या वर्षीचे फोटो आणि कॅलेंडर काढून बसलो. आमचे चौघे अधिक दादा-आई, असे सहा जण एका वेळी गाडीत किती दिवस होतो? दिवाळी, यात्रा, अखंड हरिनाम सप्ताहाची काल्याची पंगत, दोन लग्नं, ओझर-लेण्याद्रीची एक फेरी. भरले अकरा दिवस. दहा वर्षांवर दहा लाख म्हणजे वर्षाला एक लाख, वर पेट्रोलचे एकोणीस हजार. भागिले अकरा. दिवसाला जवळपास अकरा हजार! आमच्याच गावातला एक मुलगा सात सीटची गाडी चालवतो, पुण्याला येऊन-जाऊन सहा हजारांच्या वर घेत नाही आणि वर आईचे क्रेट स्वतः उचलतो.

मी विजयी मुद्रेने शीट दाखवलं. बायकोने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "हे अकरा दिवस सोडले तर उरलेल्या दिवसांसाठी आपल्याला गाडी कशाला हवी? तू कंपनीच्या बसने जातोस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शीट तसंच बंद केलं.

तेव्हा निर्णय गावातच झाला, आणि एक्सेलमध्ये जिचा रकानाच नव्हता अशा गोष्टीवरून झाला.

आमचं घर रस्त्यापासून तीनशे मीटर आत आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधे एका बैलगाडीची वाट, आणि गोठ्यापाशी काटकोनात वळण, वळणाला लागून विहीर. हायरायडर त्या वळणातून एकदाच मागे घेऊन अंगणात आली, ओट्याला लागली. दादा दार उघडून काठी टेकत दोन पावलांत घरात. हायक्रॉस तिच्याहून ३९ सेंटीमीटर लांब आणि पाचेक सेंटीमीटर रुंद. कागदावर काय आहे ते! पण मावसभावाची गाडी मी त्या वळणात पाच वेळा पुढे-मागे केली, तात्या विहिरीच्या कडेला उभे राहून हात दाखवत होते, आणि शेवटी मीच म्हटलं, राहू दे. गाडी रस्त्यावर चिंचेखाली लावली आणि सगळे चालत आलो.

दिवसा तीनशे मीटर चालणं काहीच नाही. पण डॉक्टरकडून निघून, चाकण पार करून आम्ही पोचतो तेव्हा आठ-साडेआठ वाजलेले असतात. जुन्नरमध्ये राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. ऊस उभा असतो आणि उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही शोभेला नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्याच वस्तीवरून कुत्रं नेलं. गुडघ्याने अधू माणसाने काठी आणि बॅटरी घेऊन त्या वाटेने चालायचं, आणि पोराने गाडी "मोठी आहे" म्हणून रस्त्यावर लावायची, हे मला जमणार नव्हतं. शहरातल्या कुठल्याही तुलनेत "घरापर्यंत जाते का" असा रकाना मी पाहिलेला नाही.

एक उपाय होता. वळणावरचा बांध दोन फूट मागे घेतला तर हायक्रॉस काय, ट्रकही येईल. पण तो बांध चुलत घराण्याचा, आणि त्या बांधावरून वीस वर्षांपूर्वी जे झालं ते आता कुठे निवलंय. सप्त्याला एका पंगतीला बसायला लागलेत दोन्हीकडचे. बायको म्हणाली, विचारून तर बघू. दादा इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "गाडीपायी बांध मागायचा न्हाय." मग थोड्या वेळाने आईला, आम्हाला ऐकू जाईल असं: "आन् सात जागांची गाडी कशाला पायजे? एकदा बसवलं की पुण्यालाच घिऊन जातील."

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. दादांना पुण्याला कायमचं आणायचं, हे आम्ही दोघांनी रात्री हळू आवाजात बरेचदा बोललेलो आहोत. त्यांना ते गाडीच्या सीटांवरून कळलं.

परतीच्या वाटेवर मंचर येईपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग बायकोच म्हणाली, "हायरायडर. पण सप्त्याला आणि दिवाळीला त्या मुलाची गाडी आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी मिळत नाही." मी लगेच फोन लावला, तिचं मत बदलायच्या आत.

हायब्रिड बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा त्या धास्तीतून सुटलो. बुकिंग झालं, पाडव्याला गाडी देऊ म्हणालेत. दोन क्रेट बसतात हे आईला कळवलंय, तिने विचारलं तिसरा टपावर नाही का बांधता येणार. रंगाचा घोळ अजून चालू आहे. बायकोला निळा हवाय. दादा म्हणतात पांढराच घ्या, रात्री उसातून येताना लांबून दिसतो, म्हणजे ओट्यावरचा दिवा वेळेवर लावता येईल.